बी बॅच

वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आलं
कारण विभागात सगळ्यात नवी मीच,
तीही तासिका तत्त्वावर.
डेर्ले सर म्हणाले, तुला तासाची किंमत माहीत आहे.
विनोद होता. हसले.

सहा वार, आठ रकाने, बॅलन्स रूम एकच.
पेन्सिलीनं भरते, रबरानं उसवते.
मंगळवारी ऑरगॅनिक ठेवलं तर बॉटनीवर आपटतं,
शनिवारी ठेवलं तर वाघचौरे मामांचा उपास,
आणि गॅसही शनिवारीच संपतो, का कुणास ठाऊक.
जानेवारीत अर्धी सी बॅच मोहाडीला,
द्राक्षांच्या पॅकिंगला;
हजेरीपटात त्या महिन्याची नुसती टिंबं.

नियम असा, की थिअरीचा तास तो तास.
प्रॅक्टिकलचे दोन उभे तास मिळून
कागदावर एक.
म्हणजे ब्युरेटपाशी अर्धा वेळ
आपण नसतोच.

सोमवार, सव्वासात, बी बॅच.
मोनिका भोये, रोल नंबर एकेचाळीस,
चार सोमवार गैरहजर.
पाचव्या सोमवारी आली पावणेनऊला,
ओढणीला डिझेलचा वास.
मॅडम, पेठहून पहिली गाडी सव्वासहाला.
सावळ घाटात ट्रक आडवा नसला
तर सव्वाआठला सीबीएस.
तिथून चालत.
तक्रार नव्हती ती. रीडिंग सांगावं तसं सांगितलं:
सुरुवातीचं, शेवटचं, फरक.

तोवर बाकीच्यांचं टायट्रेशन उरकलं होतं,
पोरं कँटीनमध्ये.
मी तिला ब्युरेट धुऊन दिली.
मामांनी किल्ल्या दोनदा वाजवल्या,
मग स्टूल ओढून बसले.
एक थेंब. फ्लास्क गोल.
एक थेंब. फ्लास्क गोल.
मॅडम, गुलाबी कुठल्या थेंबात असतो,
शेवटच्या, का आधीच्या सगळ्यांत?

मला पुस्तकातलं उत्तर येत होतं. दिलं नाही.
दहा वाजले.

महिनाअखेर बिल लिहिलं:
सोमवार, सव्वासात ते सव्वानऊ.
पुढच्या पाऊण तासाला रकाना नाही,
आणि असता तरी काय लिहिणार होते?
काम: गुलाबी.

बी बॅच गुरुवारी दुपारी टाकली,
दोन ते चार.
संध्याकाळी भाग्येश पिंगळे दारात.
मॅडम, अंबडला माझी सेकंड शिफ्ट,
तीनला कार्ड पंच करावं लागतं.
त्याच्या हातात हेल्मेट,
हेल्मेटमध्ये जर्नल.
बघते, म्हटलं.

बघतेच आहे.
गुरुवार इतक्यांदा खोडला
की कागदाला भोक पडलं.
तसाच टाचणी लावून टांगलाय,
दोन ते चारच्या जागी
बोर्डाचं हिरवं कापड दिसतं.
आज एक पोरगी त्यात बोट घालून विचारत होती,
इथे काय आहे, मॅडम?