मऊ तोंड

राइनो म्हणतो, जर्मन पॉइंटर घेऊ.
दिवसभर धावतो, दमत नाही,
अर्धा मैल पुढे जाऊन पक्षी हेरतो.
मी म्हणते, अर्धा मैल पुढे गेलेल्याला
तू रानभर हाका मारत फिरणार,
आणि जानेवारीत, दाराशी छातीएवढा बर्फ असताना,
तो अर्धा मैल
माझ्या स्वयंपाकघरात धावणार.

तीन आठवडे हेच.
मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेली कुत्र्यांची चोपडी,
पानांवर लोण्याची बोटं.
सेटर देखणा, पण त्याच्या झालरींतली कुसळं
रात्री बसून कोण काढणार?
लॅब्रॅडोर गुणी,
पण दीर म्हणाले, तो बदकांचा, पाण्याचा;
अ‍ॅस्पेनच्या दाटीत ग्राउज बसलाय तिथेच
पाय उचलून थबकणारं नाक वेगळं.
ब्रिटनीचं नाव निघालं की राइनो म्हणतो, बुटकी.
सिल्वी पाच वर्षांची.
प्रत्येक चित्रावर बोट ठेवून तिचा एकच प्रश्न,
हा माझ्या पलंगावर झोपेल?

सासऱ्यांना विचारायचं नाही, असं न बोलता ठरलेलं.
त्यांच्याकडे होता एक,
तीन परगण्यांत तसं नाक नव्हतं म्हणे.
राइनोच्या मनगटापासून वर कोपराकडे
अजून सात टाके मोजता येतात.
"कुत्रा वाईट नव्हता," ते दर वेळी सांगतात,
"पोरगं मध्ये आलं."
मी त्यांच्या कपात कॉफी ओतते
आणि गप्प बसते.

एप्रिलमध्ये व्हर्ना लाइटिलाकडे गेलो.
लेक सुपीरिअरवरून येणारा वारा,
कडेला काळपट पडलेला बर्फ, मध्ये नुसता चिखल.
तिने खुराड्यात हात घालून अंडं काढलं, कोमट,
आणि पिल्लांच्या आईच्या तोंडात दिलं.
ब्रिटनी. बुटकीच. पांढऱ्यावर नारिंगी.
कुत्री निघाली.
ट्रॅक्टरला वळसा, डबक्यातून,
भुंकणाऱ्या शेजारच्या कुत्र्यासमोरून,
मान जराही न हलवता,
आणि सिल्वीच्या ओंजळीत ते ठेवलं.
ओलं. अखंड.
राइनोने अंडं उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं,
नळीतून आरपार पाहतो तसं.
"मऊ तोंड," व्हर्ना म्हणाली,
"पक्षी आणते, पण पीस मोडत नाही."

"म्हणजे पक्षी जिवंत असतो?" सिल्वीने विचारलं.

व्हर्ना बुटाचा चिखल दगडावर खरवडू लागली.
मी राइनोकडे पाहिलं.
थाप मारायला त्याला जागा होती.
"कधी कधी," तो म्हणाला. "थोडा वेळ."
सिल्वीने अंडं परत घेतलं,
कोटाच्या खिशात ठेवलं,
वरून हात ठेवला.

परतताना ट्रकमध्ये ती माझ्यावर रेलून झोपली.
मी तिला जवळ ओढलं,
आणि दोघींच्या मध्ये
अगदी हळू आवाज झाला.
घर येईपर्यंत बलक माझ्या स्कर्टमध्ये झिरपत राहिला.
मी तिला उठवलं नाही.

आता पिल्लू आलंय.
बुटांच्या नाड्या, खुर्चीचा पाय, चोपडीसुद्धा,
पॉइंटरच्या पानापासून सुरुवात करून, खाल्लीये.
मऊ तोंड रक्तात असतं अर्धंच,
उरलेलं शिकवावं लागतं, असं व्हर्ना म्हणाली होती.
म्हणून रोज रात्री, भांडी झाली की,
राइनो जमिनीवर बसतो,
बाही वर सारतो,
आणि तोच हात पिल्लाच्या तोंडात देतो.
सुईसारखे दुधाचे दात.
"हळू," तो म्हणतो. "हळू गं."
सिल्वी शेजारी पालथी पडून
त्याच्याबरोबर पुटपुटते.

काल सासरे आले होते. दारातच थांबले,
टोपी हातात.
बराच वेळ पाहिलं.
कॉफी नको म्हणाले.

ऑक्टोबर अजून लांब आहे.
बंदूक कपाटावर, किल्ली माझ्याकडे.
रात्री पलंगावर दोघं एकाच घोंगडीत,
आणि पिल्लाच्या तोंडात
सिल्वीचा अंगठा.