पंचेचाळीस मिनिटं

गावाला पंचेचाळीस मिनिटं दिली होती.
बस वेशीबाहेर थांबवून मिहीर म्हणाला,
"साडेचारला इथंच. हरवलात तर चर्चचा मनोरा बघा."
त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही,
शेवटची अक्षरं तिथले लोक गिळून टाकतात.

दगडी फरशी, गुडघ्यांची परीक्षा बघणारी.
प्रत्येक खिडकीत लाल फुलं,
जणू ग्रामपंचायतीनं ठरावच केलाय.
दाबकेबाई एकेका दाराचे फोटो काढत होत्या,
दार उघडून कोणी बाहेर येत नव्हतं.
माझी बत्तीस वर्षं पोस्टात गेलेली;
मला दारांतल्या पत्रं टाकायच्या पितळी फटी दिसल्या,
आणि बऱ्याच फटींना आतून चिकटवलेली पट्टी.

मग एक बोळ वळला.
तोंडाशी लोखंडी पाटी, पाटीवर कोरलेलं भांडं.
मिहीरनं वाचून दाखवलं: तांबटांची गल्ली.
मी काही बोलले नाही.
हॉटेलातून आणलेलं सफरचंद पर्समध्ये
उगीच इकडून तिकडे ठेवलं.

तिकीट सहा युरो. आत, काचेच्या कपाटात,
वरून दिवा सोडलेला, मखमलीवर निजवलेला
एक हातोडा.
तोंड गोल, एका बाजूनं झिजलेलं,
दांड्यावर अंगठ्यानं पाडलेला खळगा.
भाऊंच्या हातोड्याला असाच होता,
फक्त दुसऱ्या अंगाला. भाऊ डावखुरे.
मी काचेवर तळवा टेकवला.
पहाऱ्यावरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, नको.
मग तिनं रुमाल काढला
आणि माझी पाचही बोटं पुसून टाकली.

बाहेर आल्यावर कळलं काय खटकतंय ते.
तांबटांची गल्ली, आणि आवाज नाही.
आमच्या आळीत आवाज थांबला की मुलं जागी व्हायची.
भाऊ जेवायला उठले की पाळण्यातला पुंडलिक
टाहो फोडायचा.
आई म्हणायची, "दोन ठोके मारा हो, पोर निजू दे."
भाऊ एका हातात भाकरी धरून दोन ठोके मारायचे.

उरलेल्या सहा मिनिटांत मी पातेलं घेतलं,
तळहाताएवढं, अडतीस युरोंचं.
दुकानदारानं हाताची मूठ वरखाली करून दाखवली:
हातानं ठोकलेलं.

नाशिकला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी
दहीपुलावरून चालत आळीत गेले.
पुंडलिकचं दुकान आता स्टीलचं,
कुकरची रबरं, डब्यांचे सेट, लग्नाच्या ऑर्डरी.
एका फळीवर तांब्याच्या बाटल्या, मुरादाबादहून आलेल्या.
त्यानं पातेलं उपडं केलं. अंगठा फिरवला.
"मशीनचं आहे. ठोके बघ, सगळे एका अंतरावर.
हात एवढा शहाणा नसतो."
मग आत डोकावून: "कल्हई कोण करतं तिकडं?"

मी विचारलं नव्हतं.

"एवढं फिरलीस," तो म्हणाला, "चॉकलेटं आणलीस,
आणि हे विचारलं नाहीस?"

मी म्हटलं, भाऊंचा हातोडा कुठाय?
त्यानं हनुवटीनं दाखवलं.
दुपारी नदीकडून वारा येतो, दार आपटतं,
म्हणून बारा वर्षं
तो दार धरून बसलाय.

पुंडलिकनं तो उचलला. दार धाडकन लागलं.
अंधारात दोन किलोचं जुनं वजन चाचपून
त्यावर पातेलं पालथं घातलं,
आणि हातोडा, काय झालं कोण जाणे,
डाव्या हातात घेतला.
एकच ठोका.
ओळीत न बसणारा, थोडा वाकडा.
"घे. आता कोणाच्या तरी हातचं झालं."

वर माडीवर भाडेकरूंचं बाळ निजलं होतं.
ते दचकून उठलं आणि रडायला लागलं.
आम्ही दोघं वर बघत राहिलो.
मग त्यानं दार उघडलं,
हातोडा पायानं खाली सारला,
आणि गिऱ्हाईक आलं.