दोन्ही हात शेजारी

रात्री दीडला आली शिवन्या, अकोळहून, टमटममधून,
नऊ महिन्यांची, परवापासून जुलाब.
टाळू खोल गेलेली.
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर सोडल्यावरही ती चिमटीसारखीच राहिली.

शीर दिसेना.
निपाणीच्या सरकारी दवाखान्यातला बल्ब
फक्त भिंत दाखवण्यापुरता.
मोबाइलचा उजेड तिच्या तळव्याखाली धरला
आणि हात आतून पेटला, तांबडालाल,
त्यात काळी रेघ, करंगळीकडे वळलेली.
पिवळी सुई, आमच्याकडची सगळ्यात बारीक.
रक्त मागं आलं, नळीच्या टोकाला मसुरीएवढं,
आणि मी, बावीस वर्षांची नोकरी असलेली बाई,
चक्क हसले.

शांतव्वा सिस्टर म्हणायच्या, नोडु, मुट्टु, मत्त नोडु.
बघ, हात लाव, परत बघ.
म्हणायच्या, रक्त उंबऱ्यावरूनसुद्धा ओ देतं.
तू घरात आहेस का, ते वेगळं विचारायचं.
आता त्या बैलहोंगलला असतात, गुडघे गेलेत.
मला त्या रात्री त्यांचं अर्धंच आठवलं.
मिठाचं पाणी थोडं ढकललं, गेलं.
पुठ्ठ्याची पट्टी बांधली,
वरून गुंडाळलं जरा जास्तच,
पोरगी उपसून टाकेल म्हणून.
सलाइनचे थेंब पडत होते.
थेंब कुठंही पडतात.

पलीकडच्या खाटेवर दम्याचं पोर होतं,
तिकडं गेले.
आक्काताई, तिची आई, काही बोलत नव्हती.
तंबाखूच्या वखारीत चाळणीवर असते ती.
साबणानं वास जातो, बोटांचा रंग जात नाही.
मी सांगितलं होतं, हात लावू नका.
तिनं लावला.
दोन्ही हात शेजारी ठेवले लेकीचे,
एकावर एक बोट, दुसऱ्यावर दुसरं,
डोळे मिटून, जसा पाला तपासतात,
ओल किती, आज भरायचा की उद्या.

"सिस्टर, ह्यो गार लागूलाय. त्यो न्हाई."

मी म्हणणार होते, सलाइन गारच असतं.
तोंड उघडलंही होतं.
"आणि रडणं बी बदललंय बगा. मगा रागानं रडूलालती."

पट्टी सोडली.
हाताची पाठ फुगलेली, पांढरट, चकाकती,
बोटांच्या मुळाशी खळ्याच नाहीत.
माझ्या व्यवस्थित बांधलेल्या गाठीखाली
अर्धा तास पाणी चुकीच्या घरी मुक्कामाला होतं.
सुई काढली. हात उंच धरला.
माफी मी कुठल्या भाषेत मागितली आठवत नाही,
कानडीत असेल, घाबरले की कानडी येते मला,
आणि तिला कानडी येत नाही.
तिनं मान हलवली एवढं खरं.

मग डावा पाय, घोट्याच्या आतली शीर,
जी दिसत नाही, फक्त असते.
रक्त आलं. ह्या वेळी हसले नाही.
पाणी ढकललं, एक थेंब, थांबले, एक थेंब,
दुसऱ्या हाताचं बोट सुईच्या टोकापुढं, कातडीवर.
फुगवटा नाही. गारठा नाही. टणक नाही.
बोटं गुलाबी, दाबली की पांढरी, सोडली की गुलाबी.
आरपार दिसणारी चिकटपट्टी, वरून काहीच नाही.
"आता तुम्ही बघा," मी म्हणाले.
ती लाजली. मग दोन्ही पाय शेजारी घेतले.
वेळ लावला.
वखारीतल्या मुकादमासमोरही इतका लावत नसेल.
"सारकं हाय."

दर अर्ध्या तासानं आम्ही दोघी बघत राहिलो,
कधी मी आधी, कधी ती.
पाच वाजता शिवन्यानं माझा एप्रन भिजवला.
आक्काताई ओशाळली, मी तिला थांबवलं,
ते पुसायची घाई नव्हती मला.

रजिस्टरला रकाने कानडीत छापलेत.
जागा: डावा पाय. वेळ: दोन पन्नास.
खात्री केली: सही.
मी माझी केली, नियम आहे.
पाय नीट बघितला तेव्हा पट्टीच्या कडेला
तपकिरी ठसा दिसला, अंगठ्याचा, पुसट.
आठची सिस्टर पट्टी बदलू म्हणाली.
राहू दे, म्हटलं. दिसतंय ना आतलं?
दिसतंय की, म्हणाली.
मग राहू दे.