बिल्ल्यासहित फोटो

मन्मथ, आधी काच पूस.
बनियनच्या टोकानं नको, त्याला घामाचं मीठ असतं.
शंभरदा धुतलेल्या धोतराचा तुकडा
खिशात ठेव. तंबाखूच्या नाही, दुसऱ्या खिशात.
निम्मे फोटो आपल्याच बोटांच्या तेलानं
पुसट येतात.

देवणीच्या दवाखान्यात बावीस वर्षं
मी जनावरांच्या विम्याचे फोटो काढले.
नियम एका ओळीचा :
जनावर, मालक, कानातला बिल्ला, एकाच चौकटीत.
ती ओळ लिहिणाऱ्यानं
बैलाला कधी "नीट उभा राहा" म्हणून पाहिलं नसावं.

सूर्य तुझ्या पाठीशी असू दे.
पण तुझी सावली गाईच्या पोटावर पडली
तर साहेब विचारतात, हा तिसरा कोण?
म्हणून जरा तिरका हो.
बारा ते तीन काढूच नको,
काढावाच लागला तर लिंबाखाली ने,
दाट सावलीत. कवडशात नको.
देवणी आधीच ठिपक्यांची,
वर कवडसे पडले की
डॉक्टरसुद्धा फोटोत गाय शोधत बसतात.

हां, देवणीचं सांगतो.
पडद्यावर तिच्या पांढऱ्याला बोट लावलंस
तर काळ्याचा कोळसा होतो,
काळ्याला लावलंस तर पांढरं चुन्यासारखं उडतं.
मानेखाली, पोळीजवळ,
राखेच्या रंगाची वीतभर जागा असते.
तिथं लाव.
लाल कंधारीचा असला ताप नाही,
कुठंही उभी कर, पिकल्या बोरासारखी येते.

आता बैस.
उभ्यानं काढलेला बैल शेळीएवढा दिसतो.
गुडघा शेणात टेकला तर टेकू दे,
त्याचा डोळा तुझ्या डोळ्यासमोर आला पाहिजे.
कोपरं बरगड्यांना लाव,
श्वास अर्धा सोड, मग दाब,
सुईत दोरा ओवताना तुझी आई करते तसं.
झूम करू नको. देवानं पाय दिलेत.
मागून मात्र जायचं नाही,
हे फोटोचं नाही, जिवाचं सांगायलोय.

खूर कापू नको. शेपूट कापू नको.
डोक्यामागं विजेचा खांब आला
की शिंगं तीन होतात, एक पाऊल सरक.
माशी बसली की कान हलतो, नंबर फिसकटतो,
तेव्हा तीनदा काढ
आणि तिथंच मोठे करून बघ.
गाय परत उभी राहील,
मालकिणीला घरी चूल असते.

मालकिणीवरून आठवलं.
वलांडीच्या सोजरबाई बिरादार.
गाईचं नाव कपिली, पहिलंच वेत.
तो माझा फोटो साहेबांनी सगळ्यांना दाखवला होता :
चारी पाय, शेपटीचा गोंडा,
बिल्ल्याचे बाराही आकडे लख्ख.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी आली.
"आईचा एखादा फोटो असंल का?
घरात एकबी नाही. काढूच देत नव्हती."
मी जुन्या फोनात शोधला.
गाय पूर्ण होती.
सोजरबाईंचा फक्त दावं धरलेला हात,
मनगटापर्यंत गोंदण, दोन हिरव्या बांगड्या.
बाकीची बाई मी चौकटीबाहेर ठेवली होती,
शेपूट कापू नये म्हणून.

मी काही बोललो नाही.
तिनं फोन घेतला, दोन बोटांनी मोठं केलं.
आधी शेपूट गेली, मग पोट, मग बिल्ला.
हात उरला.
"हेच द्या," म्हणाली,
"दावं असंच धरायची ती. अंगठा वर."

तेव्हापासून बिल्ल्याच्या आधी मी
दावं धरणाऱ्याचं तोंड बघतो.
पदर, टोपी, कपाळावर आलेलं उपरणं,
जरा मागं सारा म्हणतो,
डोळ्यांत उजेड येईपर्यंत थांबतो.
गाय काय, हलतच असते.

चल, फाटकापाशी खोंडांची जोडी आलीय.
आधी मालकाला नाव विचार.
आणि फोनात जागा आहे का बघ,
काल एकट्या रेड्याचे तू सदुसष्ट काढलेस.