निगेटिव्ह

लिनेओने दंडावर पट्टा आवळला,
म्हणाली, "मूठ मिटा, न्ताते."
तेवीस वर्षं ड्रिल धरलेली मूठ,
ती लवकर मिटत नाही.

"आजारी तो होता. माझं रक्त कशाला?"
"म्हणूनच," ती म्हणाली.
"एवढी माणसं तुमच्या तोंडासमोर खोकली
आणि तुमच्या अंगाला त्याची खबरच नाही.
तीनदा सुई टोचली,
हातावर साधी गांधही उठली नाही."

त्सेको माझ्या पाठचा.
खाणीच्या हॉस्टेलात सोळा जणांची खोली,
सिमेंटच्या बाकावर आम्ही पाठीला पाठ लावून निजायचो.
त्याचा खोकला माझ्या मणक्यांतून जायचा
रात्रभर, खाणीतल्या पिंजऱ्यासारखा
वर, खाली.
मग एकच. ब्लँकेट एकच, एका कोपऱ्यात जळलेलं.
माफेतेंगला त्याला आणलं तेव्हा
त्या ब्लँकेटचंच वजन जास्त लागलं.

चार नळ्या भरल्या. जांभळी झाकणं.
लिनेओ म्हणते, आईबापाकडून आलेलं काहीतरी असेल,
एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं.
अजून नक्की नाही.
आईबाप तर आमचे एकच.

दारात मामोतेना उभी, त्याची बायको.
माझ्या दंडावरच्या कापसाकडे बघत राहिली,
वाटणीत दुसऱ्याकडे गेलेल्या शेताकडे बघावं तशी.
मग लिनेओला म्हणाली,
"माझा पोरगा सोमवारी खाणीवर निघालाय.
त्याचंही बघून ठेवता का?
सोमवारच्या आत?"

लिनेओ बर्फाच्या पेटीचं झाकण लावत होती.
ते नीट बसेना.