वांग्याचं कूळ

निपाणीच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर
फॉर्मॅलिनच्या वासात मुरलेली आमची खोली.
आज दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल.
दुंडाप्पानं बाजारातून नि बांधावरून
ओल्या फडक्यात फुलं आणलीत:
वांगं, मिरची, बटाटा, धोतरा, भुईरिंगणी.
आणि एका डबीत वेगळं ठेवलेलं एक.
"बियाणाला राखलेल्या झाडाचं हाय, मॅडम. मागून आणलं."

फळ्यावर लिहिते मी:
पाकळ्या पाच, बुडाशी जुळलेल्या. पुंकेसर पाच.
किंजपुट एकच, आत कप्पे दोन, बैठक तिरकी.
"तिरकी म्हणजे?" बेडकीहाळचा सन्मती विचारतो.
म्हणजे देठाच्या रेषेत सरळ बसत नाही, बाबा.
आख्ख्या कुळाचीच खोड आहे ती.

मग उपयोग सांगा म्हटलं
तर वर्गाला एकदम भूक लागली.
संकेश्वरची मिरची, पत्र्यावर वाळत घातलेली,
जिच्या खाटानं शेजारची म्हैससुद्धा शिंकते.
येळ्ळ अमावास्येला रानात नेलेली एण्णगाई.
बेळगावचा बटाटा, लाल मातीसकट पोत्यात.
भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाढेला, कुणाच्या तरी आज्जीची.
आणि धोतरा?
मागून कुणीतरी म्हणालं, आमचे एक काका
दम्याला म्हणून ओढले,
तीन दिवस भिंतीला अहोजाहो करत होते.
सगळे हसले. वहीत मात्र कुणी लिहिलं नाही.

डबी मी उघडली नाही वर्गात.

आई बावीस वर्षं वखारीत होती.
तोंडाला पदर, हातात चाळण, पापण्यांवर भुकटी,
रविवारच्या शिंकासुद्धा वखारीतल्याच.
पान तिला बोटांनी कळायचं,
जाड की पातळ, तेल किती, कस किती,
कोगनोळीचं की नदीकाठचं.
मुकादम कन्नडात भाव करायचा, ती मराठीत भांडायची,
मजुरी दोन्ही भाषांत कमीच पडायची.

पण फूल तिनं कधी पाहिलं नव्हतं.
येऊच देत नाहीत ना.
कळी धरली की शेंडा खुडतात,
म्हणजे सगळा जोर पानात उतरतो.
माझी फी, माझं हे भिंग, हा पांढरा कोट
त्या न उमललेल्यांच्या जिवावर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी डबी घरी नेली.
आईनं चष्मा पुसला, लावला.
तळव्यावर फूल: गुलाबी, नळीसारखं, टोकाला पाच कोन.
आधी ती शिंकली.
फुलाला तसला वास नव्हताच, सवयीनं शिंकली.
मग कितीतरी वेळ बोटांनी उलटंसुलटं करत राहिली,
पिवळी पडलेली ती बोटं, नखांपाशी अजून तपकिरी.
"ह्याचं हे?
एवढं नाजूक?"
आणि मग, उजेडाकडे धरून,
"बदनीच्या फुलाच्या घरातलं दिसतंय की गं."

तीस पानांचं प्रकरण आहे आमचं त्यावर.

रात्री मी फूल दाबून कागदावर चिकटवलं.
खाली चिठ्ठी. कूळ लिहिलं, गण लिहिला.
स्थानिक नावाला एकच ओळ छापलेली असते,
तीत तंबाखू लिहिलं, वर दाटीवाटीनं होगेसोप्पु.
गोळा करणार: दुंडाप्पा.
उपयोग: बिडी, तपकीर, आणि
(इथं पेन थांबलं, शाईचा थेंब पसरला, राहू दिला)
ओळख पटवणार, या ओळीवर
एरवी मी माझं नाव लिहिते, डिग्रीसकट.
आज लिहिलं: रत्नव्वा.
तिला हाक मारून दाखवावं म्हटलं,
तर ती आत वांगी चिरत होती,
फोडी पाण्यात टाकत, काळ्या पडू नयेत म्हणून.