पान एकतीस

किर्सीबाई, तुम्ही दिलेल्या कागदावर पाच प्रश्न आहेत.
पहिल्या चारांची उत्तरं मागच्या बाजूला, नीट अक्षरात.
पाचवा विचारतो : या पुस्तकातून काय शिकलात?
खाली तीन ओळी आखलेल्या.
मला त्या पुरत नाहीत, आणि जास्तही होतात.

पुस्तक इर्याचं. ती सात वर्षांची, साइमी सहाची.
चव्वेचाळीसचा फेब्रुवारी, केमीहून गाडी निघते,
खिडक्यांना काळा कागद,
डब्यात चाळीस मुलं आणि एक परिचारिका,
जिला स्वतःलाच उलट्या होतायत.
प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी :
नाव, नंबर, स्वीडनमधलं कुठलं गाव, कुठलं घर.
पार्सलला असते तशी.
(असं इर्या म्हणत नाही. हे माझं.)

साइमीच्या पाटीची सुतळी लाल होती.
इर्याला ती हवी होती.
पान एकतीस : ‘मग आम्ही पाट्या बदलल्या आणि झोपलो.’
एवढंच. पुढची ओळ सकाळची.

सकाळी इर्या उतरली एका बेकरीवाल्याच्या दारात.
तिथली म्हातारी मोलकरीण फिनिश बोलायची,
आणि रोज वेलचीचा पाव.
साइमी गेली आणखी दोन दिवस पुढे, दक्षिणेला,
कुणाच्या घरी, ते पुस्तकात नाही.
तीन आठवड्यांनी घोळ लक्षात आला.
कागद दुरुस्त केले.
मुली होत्या तिथंच राहिल्या.

बाई, मला राग आला.
दोनशे पानं लिहिली हिनं,
पावाच्या वासावर अख्खं प्रकरण,
आणि लाल सुतळीवर एक ओळ?
मग वाटलं, साठ वर्षं घशात अडकलेलं
जेमतेम ओळीएवढंच बाहेर येत असेल.
मग पुन्हा राग आला.

इर्या वर्षभरात घरी आली. साइमी शेचाळीस साली.
इर्या फलाटावर गेली होती, तोवर तिचं स्वीडिश पुसलं होतं,
आणि साइमीला फिनिशचा एक शब्द येत नव्हता.
स्वतःच्या आईसमोर ती गुडघा वाकवून उभी राहिली,
परक्या बाईसमोर राहावं तशी.
मग इर्याकडे पाहिलं,
हात गळ्याशी नेला, जिथं पाटी असायची,
आणि काहीतरी म्हणाली.
इर्या लिहिते, ‘मी मान हलवली.’
हो म्हणून, की नाही म्हणून?
हे विचारायला हवं होतं, बाई, तुमच्या कागदात.

दर शनिवारी मी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात कॉफी वाटते.
तासाचे पैसे मिळतात म्हणून. सेवाभाव वगैरे काही नाही.
आर्मास नावाचे एक आजोबा साखरेचे खडे मोजून घेतात :
एत्, त्वो, त्रे.
वर्षभर ऐकतेय. वाटायचं, गंमत करतात.
या शनिवारी मी ट्रे धरून थांबले.
‘आजोबा, स्वीडिशमध्ये का मोजता?’
‘मोजायला तिथंच शिकलो ना.’
मग म्हणाले, ‘चुकवलास आकडा,’
आणि तिन्ही खडे वाटीत परत टाकून
पहिल्यापासून सुरू केलं.

मी हलले नाही.
पलीकडच्या टेबलावर कुणीतरी चमचा आपटत होतं,
किटलीतली कॉफी निवत होती.
एत्. त्वो. त्रे.
चौथा त्यांनी मोठ्यानं मोजला नाही,
नुसता माझ्या ट्रेच्या कडेला ठेवला,
आणि दूध मागितलं.

पाचवा प्रश्न कोरा सोडलाय. गुण कापा.
पुस्तक सोमवारी परत करते.
पान एकतीस माझ्याकडून दुमडलं गेलंय, माफ करा.
रात्रभर जाड शब्दकोशाखाली ठेवून पाहिलं,
स्वीडिश-फिनिश, घरात तोच सगळ्यात जड आहे.
घडी जात नाही.